पायाभूत गणित, सहा आठवड्यांत

३ जून, सकाळी ६.१०
पार्ट-टाइम इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला. वय त्रेचाळीस, पैकी वीस वर्षं लेथवर. अट एकच: सहा आठवड्यांनी पायाभूत गणिताची परीक्षा, चाळीस मार्क हवेत. पास झालो तर सुपरवायझरच्या जागेसाठी माझं नाव पुढे पाठवू, असं मॅनेजर म्हणाले. पुस्तक तीनशे बारा पानी. रोज आठ पानं. एकोणचाळीस दिवसांत खल्लास. वर तीन दिवस आराम.

४ जून
प्रस्तावना वाचली. चांगली आहे. लेखकाला विषय कळलेला दिसतो.

७ जून
अपूर्णांकांचं प्रकरण सोडलं. ते पोरासोरांचं. थेट त्रिकोणमिती उघडली. लेथवर टेपर, म्हणजे निमुळता उतार, काढताना टॅन रोजच लागतो. तक्त्यात बघून लावतो. म्हणजे येतोच.

१२ जून
मधे सेकंड शिफ्ट होती. सेकंड शिफ्टला कोण अभ्यास करतं? आजपासून रोज सोळा पानं.

१५ जून
टेबल खिडकीशी सरकवलं. उजेड महत्त्वाचा. वेळापत्रक तीन रंगांत काढलं. दमलो.

१९ जून
कॉलेजात गणिताचा क्लास. सर माझ्या धाकट्या मेव्हण्याच्या वयाचे. फळ्यापाशी बोलावलं. एक छेद दोन अधिक एक छेद तीन. मी लिहिलं, दोन छेद पाच. मागची पोरं हसली. सर हसले नाहीत, ते जास्त लागलं. नुसतं म्हणाले, बसा काका. फळ्यावर उजेड फार चमकत होता.

२४ जून
बायको घरीच शिवणकाम करते. तिला म्हटलं, तू फक्त माझी उत्तरं तपास. ती पुस्तकाच्या मागे छापलेलीच आहेत, डोकं लागत नाही. वर्तुळाचं प्रकरण बघून म्हणाली, अहो, हे तर मी रोज करते. घेरदार स्कर्टला कंबर भागिले सव्वासहा, तेवढी त्रिज्या. मग टू पाय आरवर बोट ठेवून विचारलं, हेच ना ते? म्हटलं, योगायोग.

२ जुलै
मापाची टेप पसरून बायकोने अपूर्णांक समजावले. मी उजळणी म्हणून ऐकून घेतलं. नंतर तिने स्वाध्यायातली चाळीसपैकी छत्तीस गणितं सोडवली. माझं डोकं दुखत होतं, नाहीतर चाळीस झाली असती.

१० जुलै
नवी योजना. फक्त महत्त्वाची गणितं. महत्त्वाची कुठली, हे ठरवण्यात आजची सुट्टी संपली.

१५ जुलै
परीक्षा झाली. पेपर सोपा होता म्हणे. मलाही वाटला असता, पण वेळ कमी पडला. शिवाय पेन दोनदा अडकलं. तरी पंचेचाळीस कुठे जात नाहीत.

२३ जुलै, दुपारी ४
अकरा. शंभरपैकी.
सरांना जाऊन भेटलो. म्हटलं, मार्कांच्या बेरजेत चूक असणार. त्यांनी पेपर माझ्यापुढे ठेवला. म्हणाले, काका, तुम्हीच करा. तीनदा केली. दोनदा अकरा आले, एकदा तेरा. सर म्हणाले, हवं तर तेरा धरू. तरी नापासच.
घरी आलो. बायको मशीनवर होती. तिने विचारलं नाही, मीच सांगितलं. मग तेही सांगितलं, जे आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं: शाळेतही मला हे कधी कळलं नव्हतं. शेजारच्याचं बघून लिहायचो.
तिने मशीन थांबवलं. म्हणाली, पुढच्या वर्षी बसू.
'बसा' नाही म्हणाली. 'बसू' म्हणाली.
पुस्तक तिच्या बाजूला सरकवलं आणि जरा आडवा झालो.