लिफ्टवाला बहिरा नाही

४ ऑक्टोबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आधी चूक. मागच्या पत्रात, त्या रहस्यकथेतला लिफ्टवाला बहिरा आहे असं मी लिहिलं होतं. तो बहिरा नाही. पुस्तक कपाटात ठेवण्याआधी चाळलं, तर दोन पानं एकमेकांना चिकटलेली निघाली. ती सोडवली तर आत हा गृहस्थ कुणाच्या तरी घरातल्या रेडिओबरोबर चक्क गुणगुणतोय! म्हणजे त्याला सगळं ऐकू येतं. तो न ऐकल्यासारखं दाखवतो, म्हणून रहिवासी त्याच्यासमोर वाटेल ते बोलतात. मी मात्र त्याच्या बहिरेपणावर केवढा इमला चढवला होता. ‘अख्ख्या इमारतीत खरं ऐकणारा एकच माणूस, आणि तोच बहिरा’ असं लिहून स्वतःवर खूशही झाले होते. ते वाक्य खोडून टाक. चूक सापडली की पुढच्या पत्राच्या पहिल्या ओळीत, खुशाली नंतर, हा नियम तूच घातलास, म्हणून खुशाली आता लिहिते.

मी बरी आहे. चष्म्याच्या दुकानात सध्या शाळेच्या मुलांची गर्दी आहे. मालक म्हणतात की मी एकेका डोळ्याला फार वेळ लावते. काउंटरवरच्या ताई म्हणतात की माझ्या खुर्चीत बसलेलं पोर पास होऊनच उठतं. दोघांचंही खरं असावं.

तू पाठवलेल्या गठ्ठ्यातली चार झाली. जाडजूड ऐतिहासिक कादंबरीत राजा पाणी मागतो तेही तलवार उपसल्यासारखं. पण मध्येच एक प्रकरण सैन्याच्या मुदपाकखान्याचं आहे, तिथे लेखक अचानक माणसासारखा बोलायला लागतो. तेवढंच परत वाचलं. विज्ञानकथांमध्ये पन्नास वर्षांनंतर लोक चंद्रावर घरं बांधतात, पण पाहुणे आले की चहा सूनच करते. मला हसू आलं, मग नाही आलं.

मल्याळममधून मराठीत आलेलं परिचारिकेचं आत्मकथन सगळ्यांत चांगलं. ती रुग्णांची नावं कुठेच सांगत नाही, फक्त खाटेचा क्रमांक. शेवटी तिची आई येते, आणि तिलाही ती खाटेचाच क्रमांक देते. तिथे मी पुस्तक मिटलं.

कवितांचं पुस्तक मात्र मला नीट वाचता आलं नाही, आणि त्यात कवयित्रीचा दोष नाही. एका कवितेत बाई घराची किल्ली परत करायला जाते. आत्या, ठरलेलं लग्न मोडल्यावर मीही त्याच्या इथल्या खोलीची किल्ली परत केली, हे तुला ठाऊक आहे. पण त्यानंतरही मी त्या जिन्यापर्यंत जाते. खालच्या पायरीवर उभी राहते, वर दिवा आहे का बघते आणि परत येते. परवासुद्धा गेले होते. हे आईलाही सांगितलेलं नाही. तूही मनात ठेव.

नवा चष्मा कसा आहे? नाकावर रुततो का, ते कळव. दादाला नमस्कार. माझ्यावरचा लोभ वाढवू नकोस, आहे तेवढा टिकव.

तुझी,
बारकी


१२ ऑक्टोबर

चि. बारकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अक्षर तुझ्या दादाचं, बोल माझे. हाताला मुंग्या येणं काही थांबत नाही. हा लेक लिहिता लिहिता मध्येच स्वतःची मतं घुसडतो. त्याला बजावलंय की पोस्टमनने पत्राला पुरवणी जोडायची नसते.

चष्मा झकास. नाकावर रुतत नाही, कानावर रुतत नाही, मी तो विसरून आंघोळीलासुद्धा जाते. तुझ्या हाताला गुण आहे.

लिफ्टवाल्याचं एवढं मनाला लावून घेऊ नकोस. बहिरा असला काय नि नसला काय, वाक्य चांगलं उतरलंय, राहू दे. तू लहानपणी गणित बरोबर आलं तरी पाटी पुसून पुन्हा करायचीस, तशीच आहेस अजून.

राजाच्या पाण्यावर आम्ही दोघं खूप हसलो. कवितांबद्दल मात्र तू घाई केलीस. ती किल्लीची कविता नेमकी कशी सुरू होते, कुठे थांबते, भाषा कशी आहे, सगळं सविस्तर लिही. ‘आवडलं, नावडलं’ तर कुणीही सांगतं.

आता बातमी. वर्तमानपत्रातल्या माझ्या रविवारच्या पुस्तक-परीक्षणांच्या सदराचं पुस्तक होतंय. गेल्या दोन वर्षांतले लेख निवडलेत. प्रकाशन इथल्या वाचनालयाच्या सभागृहात, शनिवारी, २२ नोव्हेंबरला संध्याकाळी पाचला. दोन वर्षं तू कात्रणं मागत होतीस आणि मी आळस करत होते, आता एकदम पुस्तकच घे. पण एवढ्यासाठी रजा काढून धावत येऊ नकोस. प्रवासात तुला दम लागतो. मी प्रत पाठवीन.

जेवत जा. तुझी पत्रं हीच माझी करमणूक, त्यात खंड पाडू नकोस.

तुझी,
आत्या


२ नोव्हेंबर

ती. आत्यास,
नमस्कार.

रागाने ‘आपण’ लिहायला घेतलं होतं, दोन ओळींत थकले. तेव्हा तूच.

गुरुवारी दुकानात चष्म्याच्या फ्रेम्सचं खोकं आलं. फुटू नये म्हणून प्रत्येक फ्रेम वर्तमानपत्रात गुंडाळलेली असते. ताई कागद सोडवता सोडवता जे दिसेल ते मोठ्याने वाचतात, तशी त्यांना सवयच आहे. एका कागदावर थांबल्या आणि म्हणाल्या, बघ गं, तुझ्या आत्याचं नाव. मी हातातली काच खाली ठेवली. मला आनंद झाला होता, हे मुद्दाम लिहिते. त्यांनी वाचलं की अख्ख्या इमारतीत खरं ऐकणारा एकच माणूस, आणि तोच बहिरा. मग म्हणाल्या की काय डोकं आहे तुझ्या आत्याचं.

आत्या, लिफ्टवाला बहिरा नाही. पुस्तक वाचलेल्या कुणालाही तो बहिरा वाटणार नाही. ती चूक करायला माझीच प्रत लागते, माझीच चिकटलेली पानं लागतात.

तरी मी मनाशी म्हटलं की एखादं वाक्य राहतं डोक्यात, उतरतं हातून. शनिवारी सुट्टी घेऊन इथल्या वाचनालयात गेले आणि तुमच्याकडच्या वर्तमानपत्राची फाइल मागितली. ती एका खोलीत, शिडीवर चढून काढावी लागते. दोन वर्षांचे रविवार उघडले. सगळी माझी पत्रं होती. ‘ती. आत्यास’ तेवढं काढलेलं. राजाचं पाणी, चंद्रावरची सून, खाटेचा क्रमांक. ज्या ओळी मला कच्च्या वाटल्या होत्या, त्याही तशाच.

आणि १९ ऑक्टोबरचा रविवार. ‘माझ्या नात्यातली एक मुलगी किल्ली परत करूनही त्या जिन्यापाशी जाऊन उभी राहते’. खालची पायरी आहे. वरचा दिवा आहे. कवितेबद्दल दोनच ओळी आहेत, बाकी सगळी मी आहे. शेजारच्या टेबलावरचे आजोबा पेपर वाचत होते, तर मला वाटलं की ते तेच वाचताहेत. मी फाइल मिटली, मग पुन्हा उघडली, आपण चुकीचं वाचलं असेल म्हणून. चुकीचं नव्हतं.

तो मुलगा इथे खोली घेऊन राहिला तरी मूळ तुमच्याच गावचा. त्याच्या घरी तेच वर्तमानपत्र येतं. हे तुला माहीत होतं.

मला एवढंच कळव की का. पुस्तकं तुझ्याकडे पोचतात आधी, माझ्याकडे नंतर. मग तू ती वाचतेस तरी कधी?

बारकी


७ नोव्हेंबर

चि. बारकीस,
आशीर्वाद आहेतच, तू घे किंवा घेऊ नकोस.

तू विचारलंस की वाचते कधी. वाचत नाही. दोन वर्षं झाली. नजरेच्या मधोमध एक धुरकट डाग आहे. कडेचं सगळं दिसतं, दार दिसतं, कपाचा कान दिसतो, पण ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जातं. डॉक्टरांनी सांगितलं की चष्म्याचा उपयोग नाही. हाताला मुंग्या वगैरे काही नाही.

मे महिन्यात तुझ्याकडे आले तेव्हा सांगणार होते. तू इतक्या हौसेने खुर्चीत बसवलंस, काचा बदलत राहिलीस, की तोंड उघडेना. तू कामाला लागलीस तेव्हा सरावासाठी डोळे तपासायचा जुना तक्ता आणि जवळचं वाचायचं कार्ड इथे आणून ठेवलं होतंस. दोन्ही दादाकडून वाचून घेऊन पाठ केलं होतं. तुला वाईट वाटू नये म्हणून.

मला सदराशिवाय काय आहे, सांग. रस्त्यात लोक थांबवतात, अमुक पुस्तक घेऊ का म्हणून विचारतात. ते गेलं तर मी खिडकीत बसलेली एक म्हातारी. आणि एक विचारते, रागावू नकोस. दम्यामुळे तुला दहाव्या वर्षापर्यंत शाळेत घातलं नव्हतं, तेव्हा अक्षर न् अक्षर तू या घरात, माझ्यापाशी शिकलीस. पुस्तक कसं बघायचं तेही मीच शिकवलं. मग तुझी वाक्यं म्हणजे नेमकी कुणाची?

पुस्तकाची अर्पणपत्रिका तुझ्या नावाने आहे. बावीस तारीख होऊ दे, मग हवं तेवढं भांड. तोवर कुणापाशी बोलू नकोस, एवढं माझं ऐक.

आत्या

बारके, हे खालचं माझं. आईला वाचून न दाखवता लिहितोय. तुझी पत्रं मीच वाचून दाखवायचो आणि लेखही मीच उतरवायचो. जिन्याचं काढू या असं मी म्हणालो होतो. ती म्हणाली की लेखात जीव तेवढाच आहे. मी पुढे बोललो नाही, ते माझं चुकलं. चूक कळवणारं तुझं पत्र आलं, तोवर लिफ्टवाल्याचा लेख छापायला गेला होता. थांबवता आला असता. पुस्तक छापून झालंय, बांधणी चालू आहे, जिना त्यात आहे. ती अजून रोज दुपारी पुस्तक मांडीवर उघडं ठेवून बसते. कुणाची चाहूल लागली की पान उलटते. – दादा


१२ नोव्हेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आधी माझी चूक. मे महिन्यात तुझे डोळे मी नीट तपासले नाहीत. परवान्यासाठी येणारे ड्रायव्हर तक्ता पाठ करून येतात, म्हणून आम्ही प्रत्येकाला एखादी ओळ उलटी, उजवीकडून वाचायला लावतो. मी कुणालाही सोडत नाही, मालकांच्या सासूबाईंनाही सोडलं नव्हतं. तुला लावली नाही. माझ्या आत्याला काय उलटं वाचायला लावायचं, असं वाटलं. तू धडाधड म्हणत गेलीस आणि मी शेवटच्या ओळीला टाळी वाजवली होती. ती टाळी आठवली की कानशिलं तापतात.

मला वाईट वाटू नये म्हणून, असं तू लिहितेस. आत्या, तो डाग काचेने जात नाही हे मलाही कळतं. पण कडेच्या नजरेने वाचायला शिकवता येतं, मोठी भिंगं मिळतात, उजेड बदलता येतो. जेवढा लवकर सराव, तेवढा बरा. माझं रोजचं काम ते आहे आणि दोन वर्षं तू मला ते करू दिलं नाहीस. मी दर पत्रात चष्म्याबद्दल विचारत होते आणि तू झकास म्हणून कळवत होतीस. दादा ते उतरवून घेत होता. तुम्ही दोघं तिथे बसून माझं पत्र वाचायचात तेव्हा एकमेकांकडे बघायचात का, हे मला सारखं वाटत राहतं.

वाक्यं कुणाची, ते सांगते. अक्षरं तुझी. पुस्तक कसं बघायचं ती रीत तुझी. राजाचं पाणीही घे, चंद्रावरची सूनही घे. मागितलं असतंस तर दर आठवड्याला तुझ्या नावाने लिहून पाठवलं असतं, आणि कुणाला कळू दिलं नसतं. तू न मागता घेतलंस, त्यामुळे माझ्याकडे देण्यासारखं काही उरलं नाही. पण जिना माझा होता. तो तू शिकवलेला नाहीस. ‘लेखात जीव तेवढाच’ हे वाचल्यावर मी दिवसभर कुणाच्या डोळ्यांत बघू शकले नाही, आणि माझं कामच ते.

परवा त्या बाजूला काम निघालं होतं, तर लांबून वळसा घालून गेले. आता त्या पायरीवर उभं राहणंही माझं एकटीचं राहिलं नाही.

अर्पणपत्रिका नको होती. राहिलेली पुस्तकं पार्सलने परत पाठवते. त्यातला एक कथासंग्रह मी अर्धा वाचला होता आणि तो चांगला आहे, एवढंच कळवते. का, ते कळवणार नाही.

तू बावीस तारखेपर्यंत गप्प राहायला सांगितलंस, तेवढं ऐकते. त्या दिवशी मी सकाळच्या गाडीने येईन. दम लागला तर लागेल. दहा वाजता तुला खिडकीपाशी बसवून डोळे तपासीन. नवा तक्ता आणणार आहे, तो दादाने पाहिलेला नाही, आणि तू तो उलटा वाचशील. वाचता आला नाही तर तसं सांगशील. त्या वेळी मी भांडणार नाही, कारण ते काम आहे.

संध्याकाळी सभागृहात पुढच्या रांगेत बसेन, अगदी मधोमध, म्हणजे तुझ्या डागात. तुला मी दिसणार नाही, पण आहे हे ठाऊक असेल. तू बोलायला उभी राहशील तेव्हा पहिली ओळ कशासाठी असते, ते मी तुला सांगायला नको. ती ओळ आली तर मी शेवटपर्यंत ऐकेन. आली नाही तर उठून उभी राहीन आणि लिफ्टवाला बहिरा नाही, एवढंच सांगेन. आणखी एक शब्द बोलणार नाही. तो कसा बहिरा झाला, हे मग लोक तुला विचारतील.

लोभाचं या खेपेला काही मागत नाही. ते तुझ्या पहिल्या ओळीनंतर बघू.

बारकी

भेट शनिवारी, २२ नोव्हेंबरला.