बाधलेलं दूध

आई, बाळ तुझ्या दुधाने गेलं नव्हतं. तू जाऊन इतकी वर्षं झाली, आणि हे मला आत्ता कळलं.

दहिसरची आपली खोली. तुझा नववा महिना, डोळे पिवळे, पाणीसुद्धा पोटात ठरत नाही. आजी गावाहून काविळीचं औषध मागवते. ती तुझी सासू, आणि सख्खी आत्याही. आपल्याकडे आत्याच्या घरात मुलगी दिली की सगळे निर्धास्त. तू कशीबशी वाचलीस, मला भाऊ झाला. तो मान धरायला लागला होता तेव्हा त्याला ताप आला, उलट्या झाल्या. आजी म्हणाली, "तुझा दूध बाधता तेका. पोटाक आराम होऊंदे." दिवसभर त्याला नुसतं ओव्याचं पाणी. तो झोपूनच राहिला, आणि संध्याकाळी उठवायला गेलीस तर उठला नाही. बाबा दारात उभे होते, त्यांनी आजीला एका शब्दाने अडवलं नाही. त्याचा राग मला अजून येतो. त्यानंतर तू कुणाचं तान्हं बाळ उचललं नाहीस. शेजारणीने पुढे केलं तर हात ओले आहेत म्हणायचीस.

मलाही आत्याच्याच घरी दिली. गेल्या वर्षी माझ्या आठव्या महिन्यात तेच सुरू झालं, उलट्या आणि पिवळे डोळे. बोरिवलीच्या हॉस्पिटलात ताबडतोब सिझर केलं. मुलगी झाली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, लग्न नात्यातलं का, घरात असं आधी कुणाला झालं होतं का. मी तुझं सगळं सांगितलं. मग मुलीचं रक्त तपासलं. अंगातल्या चरबीतून ताकद काढणं तिच्या शरीराला जमत नाही, उपाशी राहिली तर जिवावर बेततं. असं बाळ पोटात असलं की कधीकधी आईचंही यकृत बिघडतं. तुझी ती कावीळ बहुतेक हीच होती, आणि बाळ गेलं ते त्या दिवसभरच्या उपासाने.

माझं दूध थांबवून तिला वेगळं दूध सुरू केलं. तेव्हा क्षणभर वाटलं, आजीच खरी ठरली. मी ढसाढसा रडले. डॉक्टर म्हणाल्या, "अहो, तुमचं दूध चांगलंच आहे. तिला ते वापरता येत नाही, एवढंच. आणि हे एकट्या आईकडून येत नाही, अर्धं बापाकडून येतं."

परवा तिला ताप भरला, दूध ओकली. आम्ही रिक्षा करून थेट हॉस्पिटल गाठलं. सलाइनमधून साखर दिली, आता ती बरी आहे.

बाबा हल्ली आमच्याकडेच असतात. जावई भाचाच, त्यामुळे संकोच नाही. घड्याळाकडे बघून नातीला बाटली तेच पाजतात. त्यांच्या वाट्याचं अर्धं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. तुझ्यासाठी तरी सांगायला हवं. हा कागद पोस्टात टाकायचा नाही, म्हणून तुला खरं लिहिते. काल तिला पाजता पाजता ते म्हणाले, "तुझ्या आईचं दूध बाधलं नसतं, तर तुझा भाऊ आज केवढा असता." शब्द माझ्या ओठांवर आले होते. पण बाटली त्यांच्या हातात होती, आणि ती छान पीत होती. मी पुढच्या बाटलीचं पाणी उकळायला ठेवलं.