भावोजींच्या यकृताचा दिग्विजय

त्रिशूर

चिरंजीव सेतुमाधवन यास वैद्यकुलभूषण मामाचा सगर्व आशीर्वाद.

तुझ्या पिताश्रींचे हरिद्रावर्ण नेत्र पुनश्च धवल झाले असून रक्ताचा अहवालही निर्दोष आला आहे. इस्पितळातील डॉक्टरीणबाईंनी विचारले, "वैद्यर, दिलंत तरी काय?"

"दिलं नाही. काढून घेतलं."

रोगाचे कारण दूर करणे, हीच आमच्या शास्त्राची प्रथम चिकित्सा. काविळीवर रामबाण म्हणून शेजाऱ्यांनी आणलेले भुईआवळीचे भारे मी सन्मानपूर्वक परत पाठवले. भावोजींस केवळ पेज आणि विश्रांती दिली, आणि उशीखालच्या गुडघेदुखीच्या गोळ्या जप्त केल्या. तू मस्कतहून पाठवलेल्या. एकीच्या जागी ते चार घेत होते.

"अहो, इतक्या कशाला?"

"पोरानं पाठवल्यात, वैद्या. टाकवतात होय?"

इथवर लिहून झाले, तोच भावोजी म्हणाले, "त्याला हे नको लिहूस. तुझ्या काढ्यानं बरं वाटलं म्हण."

सबब हे पत्र रवाना होणार नाही. गोळ्यांऐवजी खजूर पाठव, एवढेच फोनवर सांगेन. तू माझ्या काढ्याचा जयजयकार करशील, आणि कधीच न उकळलेल्या त्या काढ्याच्या वतीने मी तो सविनय स्वीकारीन.

तुझा विजयी मामा,
शंकुण्णी वारियर