धाब्यावरची बारावी टोपली

नांदुरा, ३ मे १९६८

पोचलो एकदाचा! कोयनेच्या धक्क्याने आमच्या खात्याला जाग आली. इथे धरणी हलली तर किती माणसं दबतील, याचा अंदाज बांधायला मला पुण्याहून धाडलंय. बिऱ्हाड गोजरबाई नावाच्या म्हातारीकडे. छत मातीचं, सपाट. त्याला धाबं म्हणतात. बाहेर अंग भाजतंय, खोली मात्र गारेगार. ठेच्याने डोळ्यांतून पाणी काढलं, तरी दोन भाकरी हाणल्या. बायकोला, प्रमिलाला, बाळंतपणाआधी परततो असा शब्द दिलाय.

६ मे

पावसाळ्याआधी धाब्यावर नवी माती घालतात; जुनी कोणी काढत नाही. दरसाल ओझं वाढतंच. घरात माणसं किती, विचारलं, तर एकटी राहणारी गोजरबाई म्हणाली, अकरा! मदतीला दिलेले कारकून भगवंतराव हसले. पूर्वी धाबं कोसळून तिची दहा माणसं गेली, पण ती कुणालाच वगळत नाही. फार वाईट वाटलं. कागदावर मी एकच लिहिलं.

८ मे

आज माती घातली. माणसागणिक एक टोपली, हा तिचा रिवाज. अकरा झाल्यावर मी थट्टेने म्हणालो, माझी राहिली की! तिने निरखून विचारलं, "खरंच राह्यता काय आमच्यात?" हो म्हणालो, आणि हौसेने स्वतःच टोपली वर नेली.

९ मे

दार घासतंय. ओल्या मातीने चौकट दबली असावी. काल हात उंचावूनही तुळई लागत नव्हती, आज लागते. माझाच भ्रम. उद्या बिऱ्हाड हलवतो.

१० मे

दार उघडत नाही. खिडकी नाहीच. गोजरबाईने छताच्या झरोक्यातून भाकर सोडली. दार फोडा म्हटलं, तर म्हणते, "आता काऊन जाता? घरचेच झाले न तुमी." वर माती थापताहेत – पुष्कळ हात –

११ मे

बसूनच लिहितोय, छत डोक्याला टेकलं. मातीत श्वास चाललाय. एकाचा नाही. मला भीती वाटते. प्रमिला, मी शब्द –

१२ मे

भगवंतराव आले! ओरडलो – तोंडात माती. साहेब कुठे, त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "घरातच हायेत. बारा जन हाओत आमी." ते हसले. साहेब पुण्याला गेले वाटतं, म्हणाले. पावलं लांब –

कागदावर या घरात एकच माणूस. ती तर बाहेर उभी आहे. मग माती उपसायला कोण –