राजासाठी पुसलेले बूट

आये, जेरुसलेमहून नम्रता तुझ्या पाया पडते.

मी बरी हाय. हल्ल्याचा भोंगा वाजला तर लपायला खाली तळघर हाय, काळजी नको.

मी सांभाळते ते यहुदी आजोबा दाविदाच्या वंशातल्या राजाची वाट बघतात. चालवत नाय, पण तो आला की निघायचं म्हणून बूट दाराशी. रोज मीच पुसते. शेजारी काम करणारी केरळची लिसी म्हणते, ख्रिस्त तोच राजा; येऊन गेला, परत येईल.

मी म्हटलं, आमी पण दिवाळीला ओवाळताना म्हणतो, इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो. आजोबा खुलले. "कुठवर आलाय तुमचा राजा?"

काय सांगू? धरण आपल्याकडं, पाणी मुंबईला, आणि हंडा तुझ्या डोक्यावर.

राजाचं राहू दे. आपल्या शेणव्यात पाण्याचा टँकर आला का, तेवढं कळव.

तुझी नमी