खालचा कॅम मागे राहतो

४ सप्टेंबर
मर्लला माझं वय विचारायची काय गरज होती? त्याच्या दुकानात धनुष्य घ्यायला गेले होते, शवपेटी नाही. "डोरीन, तू आपलं एका कॅमचं घे. ओढायला मऊ, आवाज कमी, बिघडत नाही." धनुष्याच्या टोकांना दोरी फिरवणारी चाकं असतात, त्यांना तो कॅम म्हणतो. दोन कॅमचं जोरात मारतं, पण दोन्ही चाकं बरोबर फिरायला हवीत. दोरी ताणली गेली की बिनसतं. दोन्ही ओढून पाहिली. एका कॅमचं हाताला बरं वाटलं.
दोन कॅमचं आणलं.

६ सप्टेंबर
टेसा म्हणते, "आजी, हे कुणाला दाखवायला घेतलंस?" नात माझ्यावरच गेलीय. माझे बाण याला हलके पडतात, म्हणून तिचे चार घेतले. जांभळ्या पिसांचे.

१२ सप्टेंबर
उद्या हरणांच्या शिकारीचा मोसम उघडतो. ओढताना हाताला दोन ठोके लागतात – वरचा कॅम आधी अडतो, खालचा जरा मागून. मर्लकडे नेलं तर "सांगितलं होतं ना" ऐकावं लागेल. राहू दे.

१३ सप्टेंबर
हरणीला बाण पोटात लागला. वीस पावलांवरून, मी!
पोटात लागलेल्या जनावरामागे लगेच धावायचं नसतं; पाच तास थांबून माग काढला. रक्त शेजारच्या लाइलच्या कुंपणापलीकडे गेलेलं. ओलांडायचं तर आधी त्याला विचारायचं. नाही म्हणाला नसता. बरोबरही आला असता – आणि विचारलं असतं, पोटात कसा लागला, डोरीन?
परत आले. टेसाला सांगितलं, नेम चुकला.

१४ सप्टेंबर
चर्चला गेले नाही.

१६ सप्टेंबर
लाइल आला. हरणी त्याच्या ओढ्यात मेलेली सापडली, मांस नासलेलं. हातात जांभळ्या पिसांचा बाण. टेसाला म्हणाला, "तीन वर्षं माझ्या रानात शिकार करू दिली तुला. घायाळ जनावर टाकून जाणारं माणूस मला नको. पुन्हा पाऊल टाकू नकोस."
पोरीनं बाण पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "चुकलं माझं, लाइलकाका."
मी बटाटे सोलत होते. सोलतच राहिले.

१७ सप्टेंबर
सकाळीच लाइलच्या बायकोकडे निरोप ठेवला – बाण मी मारला, टेसानं नाही.
आता त्याचा फोन येईल. टेसानं उचलायचा नाही. मीच बोलणार.