बरं दिसतंय की आधीचं बरं?

प्रिय ढब्ब्या,

तुझे सगळे मेसेज मिळाले. उत्तर दिलं नाही, कारण फोन हातात घेतला की आतून बाबांची शिट्टी वाजते आणि राहून जातं. शिट्टी तीच, शाळेच्या मैदानावरची. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांचे शब्द एकेक करून येतात, तेही मनात असलं तर. म्हणून व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंनी ती त्यांच्या गळ्यात अडकवून दिली. एकदा वाजली तर पाणी, दोनदा वाजली तर लघवीचं भांडं, आणि वाजतच राहिली तर माझं काहीतरी चुकलंय. तीस वर्षं पोरांना पळवलं, आता मला पळवतात. हात लुळा पडला तरी फुंकर मात्र अजून खणखणीत आहे.

तू पाठवलेले उपाय मी खरंच करून पाहिले, टाळले नाहीत. डोळे मिटून खोल श्वास घे म्हणालास, घेतला. स्वयंपाकघरात उभी होते, तेवढ्यात दूध उतू गेलं. गरम पाण्यात पाय सोडून बस म्हणालास. बसले, शिट्टी वाजली, ओल्या पायांनी धावले आणि त्यांच्या दारात सपशेल आडवी झाले. बाबा हसले. खूप दिवसांनी हसले, म्हणून मीही हसल्यासारखं केलं. झोपताना तीन चांगल्या गोष्टी आठव म्हणालास, तर दुसरीपर्यंत मला झोप लागते. तिसरी तीच असं समजते. उंटावरून शेळ्या हाकतोस असं मी म्हणणार नाही. तुला काळजी वाटते आणि तिथे बसून तू दुसरं काय पाठवणार.

पण मला थकवा आलाय असं तुला वाटतं ना, ते तितकंसं बरोबर नाही. पायाला मुंग्या आल्या की तो पाय आपला वाटत नाही, टाकतो तिथे पडतो, तसं माझं सगळंच झालंय. खालच्या मजल्यावरचे काका गेले. लहानपणी मला कडेवर घेऊन फिरवणारा माणूस. मी जाऊन बसले, काकूंचा हात धरला, आणि पूर्ण वेळ त्यांच्या पंख्याचा आवाज ऐकत होते. चष्म्याच्या दुकानात कामावर असताना कुणी विनोद केला तर इतर हसतात ते पाहून मी हसते, थोडी उशिराच. जेवते, पण काय जेवले ते आठवत नाही. व्यायामाच्या बाईंनी एकदा विचारलं, तुम्ही शेवटचं आजारी कधी पडलात? जमलं नाही, असं मी म्हणाले. त्यांना ती गंमत वाटली.

मागच्या मंगळवारी दुकानात एक घडलं. एका बाईंचे डोळे तपासत होते. त्यांच्या नाकावर ती जड चौकट, मी एकेक भिंग बदलतेय आणि नेहमीसारखं विचारतेय, आता बरं दिसतंय की आधीचं बरं? हे वाक्य मी झोपेतही म्हणू शकते. त्या दिवशी बहुधा झोपेतच म्हणत होते. भिंग बदलायचं, विचारायचं, छान म्हणायचं. किती वेळ ते मला माहीत नाही. मग त्या बाईंनी चौकट काढून हातात घेतली आणि फार हळू म्हणाल्या, "अहो, मी केव्हाची गप्प आहे. तुम्ही कुणाशी बोलताय?"

मालकीणबाई रागावल्या नाहीत. उरलेली तपासणी त्यांनी स्वतः केली, मला माझी पर्स आणून दिली आणि घरी जा म्हणाल्या. घरी बाबांजवळ दिवसाच्या बाई संध्याकाळपर्यंत असतात. म्हणजे ती दुपार कुणाचीच नव्हती. मी रस्त्यावर उभी राहिले आणि मला काय हवंय ते मला सुचेना. खरंच सुचेना. बस आली म्हणून चढले, शेवटचा थांबा आला म्हणून उतरले. समोर केस कापायचं दुकान होतं, आत शिरले. खुर्चीजवळच्या मुलीने काय करायचं विचारलं. मी म्हटलं, फक्त धुवा.

तिने माझं डोकं मागे टेकवलं, पाणी आधी स्वतःच्या हातावर घेऊन पाहिलं आणि मग घातलं. तिची बोटं डोक्यावरून फिरायला लागली तेव्हा लक्षात आलं, की आई गेल्यापासून माझ्या डोक्याला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही. मी रोज एका माणसाला उचलते, पुसते, कुशीवर वळवते. मला कुणी शिवत नाही. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. रडू नव्हतं रे ते, आत काही हललं नव्हतं, नुसतं पाणी वाहत होतं. साबण गेला असेल म्हणून ती मुलगी माफी मागत राहिली आणि मी तिला नाही म्हणाले नाही. मग झोपले. तिने उठवलं नाही, वर टॉवेल घालून ठेवला.

नेहमीच्या वेळेला घरी आले. बाबांना सूप भरवायला वाकले तर त्यांनी तोंड मिटून घेतलं आणि माझ्या केसांकडे बघत राहिले. चमचा बाजूला सारला. पुष्कळ वेळ ओठ जुळवत होते. मला वाटलं भांडं हवंय. शेवटी म्हणाले, "ढब्ब्याला... बोलव." आणि थोड्या वेळाने, "तू जा."

एक सांगायचं राहिलं. गेल्या वेळी तू आलास तेव्हा ते काठी टेकत दारापर्यंत चालत आले होते. किती सुधारणा आहे म्हणालास. तुला दाखवायला ते आठवडाभर तयारी करत होते आणि तू गेल्यावर दोन दिवस उठले नाहीत. तुला सांगू नको अशी त्यांनी मला खूण केली होती. मीही सांगितलं नाही. ताई सांभाळतेय, ठीक चाललंय, हे आम्ही दोघांनी मिळून तुला दाखवलं, मग तू तरी दुसरं काय समजणार.

तर हे पत्र त्यासाठी. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला मी जाते आहे. मैत्रिणीचं घर रिकामं आहे, तिने किल्ली पाठवली. दुकानातून पंधरा दिवसांची रजा मिळाली. तू रजा टाक आणि मी निघायच्या आदल्या दिवशी ये. विचारत नाहीये, कळवतेय. रागावून म्हणत नाही. राग आला असता तर मला बरंच वाटलं असतं. बाबांना अंघोळ घालताना उजव्या बाजूला उभा राहा, त्या बाजूला ते कलंडतात. गोळ्या दिवसाच्या बाईंना पाठ आहेत. पहिल्या दिवशी ते तुझं काही ऐकणार नाहीत, चालून दाखवायला बघतील, तू त्यांना बसव. दुसऱ्या दिवशी शिट्टी थांबणार नाही. तिसऱ्या दिवशी तू मला फोन करशील. मी तो उचलणार नाही. त्यात काळजी करण्यासारखं काही नाही, मी झोपलेली असेन.

तुझीच,
ताई